दुखण्याला तारीख नसते

"फार गुणी बाई आहे. एकदा कामाला बसली की मान वर करत नाही."

आपल्याकडे कष्टाळू माणसाचं, त्यातही बाईचं, कौतुक या शब्दांत होतं. मान खाली घालून काम करणं हा गुण, मान वर करणं हा उर्मटपणा. भाषेनं हे केव्हाच ठरवून टाकलं आहे आणि आपण ते कौतुक फारसा विचार न करता करत असतो.

या कौतुकाचा शरीराच्या दृष्टीनं अर्थ काय? माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. मान ताठ असते तेव्हा ते मणक्यांवर तोललेलं राहतं. मान पुढे झुकली की तोल जातो आणि डोकं मागून धरून ठेवण्याचं काम मानेच्या आणि खांद्यांच्या स्नायूंवर येतं. जितकं अधिक झुकावं तितका हा भार कित्येक पटींनी वाढतो. सतत आवळून धरलेल्या स्नायूत रक्त नीट खेळत नाही. पाच मिनिटं हे निभावतं. दिवसाचे आठ तास, आठवड्याचे सहा दिवस, दहा वर्षं निभावत नाही.

तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसणारी बाई नेमकी याच अवस्थेत असते. सुई कापडात शिरते त्या बिंदूवरून नजर हलवता येत नाही, म्हणून मान खाली. टेबलाची उंची सगळ्यांना एकच, म्हणून बुटकी बाई खांदे वर उचलते आणि उंच बाई पाठीतून वाकते. बसायला बहुतेक ठिकाणी पाठ नसलेलं स्टूल. उजवं पाऊल पेडलवर, उजवा गुडघा टेबलाखालच्या पट्टीला लागलेला, कारण कापड दाबून धरणारा भाग उचलायला ती पट्टी गुडघ्यानं ढकलावी लागते. दोन्ही हात पुढे, कोपरांना टेकू नाही. मशीन थांबली की हालचाल करायची मुभा, पण मशीन थांबणं हा गुन्हा.

मान, खांदे, कंबर, मनगट, गुडघा. या कामातल्या बायकांना विचारा, पाचांपैकी दोन-तीन जागा तरी त्या बोट लावून दाखवतील. इथपर्यंत कुणी वाद घालत नाही. वाद पुढे आहे. हे दुखणं कुणाचं? त्या बाईचं खाजगी, की कारखान्यानं तयार केलेलं? माझं म्हणणं असं की शर्ट जसा कारखान्यात तयार होतो, तसंच हे दुखणंही कारखान्यात, ठरवलेल्या वेगानं, मोजून तयार होतं. फक्त शर्टाची नोंद होते आणि दुखण्याची होत नाही. ती होऊ नये अशी कायद्याची, दवाखान्याची आणि बाजाराची मिळून व्यवस्था आहे.

*

'मोजून' हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही.

कारखान्यात शर्ट कुणी एक जण शिवत नाही. एकजण फक्त कॉलर जोडते, दुसरी फक्त कफ, तिसरी बाही, चौथी काज-बटण. प्रत्येक क्रियेला एक वेळ ठरवलेली असते. तिला 'सॅम' म्हणतात. त्या क्रियेसाठी मंजूर केलेली प्रमाणित मिनिटं, असा त्याचा अर्थ. साध्या टी-शर्टाची सगळ्या क्रिया मिळून आठ-दहा मिनिटं धरतात, पूर्ण बाह्यांच्या शर्टाची वीसेक. या आकड्यावरून तासाचं टार्गेट निघतं, टार्गेटावरून लाइनची टक्केवारी निघते, आणि ती टक्केवारी लाइनच्या टोकाला फळ्यावर लिहिली जाते. सुपरवायझरचं ओरडणं हे त्या फळ्याचं ध्वनिरूप.

कागदावर एक गणित करू. समजा एका क्रियेला ०.६ मिनिटं मंजूर आहेत. म्हणजे तासाला १०० नग. पंचाहत्तर टक्के गाठले तरी आठ तासांत ६००. प्रत्येक नगामागे बंडलातून उचलणं, कडा जुळवणं, सुईखाली सरकवणं, वळवणं, बाजूला टाकणं अशा पाच हालचाली धरल्या तर दिवसाला ३,०००. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ९ लाख. दहा वर्षांत ९० लाख. तेच मनगट, तोच अंगठा, तोच कोन.

वेळ मोजण्याची ही पद्धत अमेरिकेतल्या फ्रेडरिक विन्स्लो टेलर या अभियंत्यापासून चालत आली आहे. त्याचं शास्त्रीय व्यवस्थापनावरचं पुस्तक १९११ साली निघालं. मराठीत लिहिताना त्याचं आडनाव आणि कपडे शिवणारा टेलर एकसारखेच दिसतात, पण दोघांत मालक-नोकराइतकं अंतर आहे. पोलादाच्या कारखान्यात जड लोखंडी लगडी उचलणाऱ्या माणसांचा टेलरनं अभ्यास केला होता. माणसानं दिवसाच्या ४३ टक्के वेळेपुरतंच ओझं उचलावं, उरलेला वेळ त्याचे हात मोकळे असावेत, तरच तो जास्तीत जास्त माल उचलतो, असा त्याचा निष्कर्ष होता. कामगाराच्या प्रेमापोटी नव्हे, मालकाच्या फायद्यासाठी काढलेला. म्हणजे घड्याळ लावून माणसं पिळण्याबद्दल ज्याला शंभर वर्षं शिव्या मिळाल्या, त्यानंसुद्धा विश्रांती हिशोबात धरली होती. आपण त्याचं घड्याळ घेतलं आणि विश्रांती त्याच्याकडेच ठेवली.

अगदीच ठेवली असंही नाही. सॅम काढताना थकव्यासाठी काही टक्के वेळ मिळवायचा रिवाज आहे. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कारण काम करताना शरीर थकतं हे कारखान्याच्या अभियंत्याला माहीत आहे आणि ते तो दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांत लिहूनही ठेवतो, हे त्यातून सिद्ध होतं. मात्र त्याचं गणित एक गोष्ट गृहीत धरतं. संध्याकाळी थकलेलं शरीर सकाळी कोरं होऊन परत येतं. ते येत नाही. कालचा उरलेला थकवा आजच्यात मिळतो, आणि या साठत जाणाऱ्या बाकीसाठी त्या गणितात रकाना नाही.

साठत जाणं म्हणजे काय ते मनगटात बघता येतं. मनगटाच्या आत हाडांचा आणि एका जाड पट्ट्याचा मिळून अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वळवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातो. कंडरा सतत घासल्या की त्यांच्यावरचं आवरण सुजतं. बोगदा रुंद होऊ शकत नाही, म्हणून मज्जातंतू चेपला जातो. आधी रात्री मुंग्या येऊन जाग येते. हात झटकला की बरं वाटतं. मग दिवसाही बोटं बधिर होतात. मग हातातून कप निसटतो, भाकरी थापता येत नाही. फारच दुर्लक्ष झालं तर अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा बसत जातो.

मशीनवर न बसणारेही सुटत नाहीत. धागे कापणाऱ्या हेल्पर मुलींचा अंगठा दिवसभर छोट्या कात्रीवर उघडझाप करतो. अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत कळ जाते. इस्त्रीवाला वाफेच्या उष्णतेत पूर्ण पाळी उभा असतो; त्याच्या टाचा, पोटऱ्या आणि उजवा खांदा जातो. चेकिंगच्या टेबलाशी उभ्या असलेल्या बाईच्या पायांच्या शिरा फुगतात. धारावीच्या माळ्यांवर पीस रेटवर काम करणारे उत्तर प्रदेश-बिहारमधले तरुण तर बारा-बारा तास मशीनवर असतात. हे सगळे पुरुष. त्यांच्या मानेला होतं ते काय मग?

*

आता ही बाई दवाखान्यात जाते. तिथलं बोलणं साधारण असं होतं.

"काय होतंय?"

"डॉक्टरसाहेब, मान धरते. हाताला मुंग्या येतात."

"किती दिवसांपासून?"

"लई दिवस झाले."

"पडला होता का? मार लागला होता?"

"नाही."

गोळी, मलम, कॅल्शियम. "वजन उचलू नका, आराम करा, ताई." केसपेपरवर 'अंगदुखी'. 'काय काम करता?' हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. १७०० साली इटलीतल्या बेर्नार्दिनो रामाझिनी या वैद्यानं कामगारांच्या आजारांवर पहिलं मोठं पुस्तक लिहिलं तेव्हा त्यानं वैद्यांना हाच एक प्रश्न विचारायची शिकवण दिली होती. त्या पुस्तकात शिंप्यांचीही दखल आहे. वाकून बसल्यानं त्यांची पाठ वाकते आणि पाय बधिर होतात हे त्यानं लिहून ठेवलं आहे. म्हणजे हे ज्ञान नवं नाही. त्याहून गंमत अशी की माणसाच्या शरीरातल्या सर्वांत लांब स्नायूचं नावच 'सार्टोरियस' आहे. लॅटिनमध्ये सार्टर म्हणजे शिंपी. मांडी घालून बसताना हा स्नायू कामी येतो म्हणून ते नाव. शरीरशास्त्रात शिंप्याला जागा मिळाली, त्याच्या दुखण्याला कायद्यात अजून मिळालेली नाही.

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत २९ रोगांची यादी होती. यातला एखादा रोग कामगाराला झाला की कारखान्यानं आणि डॉक्टरनं सरकारला कळवणं बंधनकारक होतं. शिसं, पारा, आर्सेनिक यांची विषबाधा, सिलिकोसिस, आवाजानं येणारं बहिरेपण, सगळं त्यात होतं. कापसाच्या धुळीनं फुप्फुसाला होणारा बिसिनोसिसही होता. मान, मनगट, कंबर नव्हती. २०२० साली संसदेनं या कायद्याच्या जागी आणलेल्या संहितेच्या यादीतही ती शिरली नाहीत. म्हणजे सुताची धूळ फुप्फुसात गेली तर तो रोग. तेच सूत हाताळून मनगट निकामी झालं तर ती अंगदुखी.

आणि याला अज्ञान हे कारण देता येत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०१० साली व्यवसायजन्य रोगांची यादी सुधारली, तेव्हा स्नायू आणि सांध्यांच्या विकारांचा स्वतंत्र गट तिच्यात होता. मनगटाच्या बोगद्यातला मज्जातंतू दबणं आणि अंगठ्याच्या कंडरांची सूज यांची नावं घेऊन नोंद होती. भारत त्या संघटनेचा स्थापनेपासूनचा सदस्य आहे.

यादीत नाव नसल्यानं काय बिघडतं? पैसे बिघडतात. राज्य विमा योजनेत साध्या आजारपणाची रजा घेतली तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के मिळतात. कामामुळे झालेली इजा किंवा रोग ठरला तर ९० टक्के, तेही अक्षम आहात तोवर, आणि कायमचं अपंगत्व आलं तर नियमित रक्कम. एका शब्दाच्या फरकानं बाई एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जाते.

यादीत नसलेल्या रोगासाठी एक वाट ठेवलेली आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यापासून तो नियम चालत आला आहे आणि विमा योजनेनंही तोच उचलला. रोग यादीत नसेल तर तो एखाद्या विशिष्ट अपघाती इजेतून थेट उद्भवला असं दाखवा, मग बघू.

म्हणजे अपघात दाखवा. कोणत्या दिवशी, किती वाजता, कशानं?

९० लाख हालचालींपैकी कोणत्या हालचालीचं नाव सांगायचं? सुई बोटातून आरपार गेली तर तारीख सांगता येते. रक्त दिसतं, साक्षीदार असतात, अपघात-वहीत नोंद होते. मान मात्र कोणत्याही एका मंगळवारी जात नाही. ती दहा वर्षांच्या सगळ्या मंगळवारी थोडी थोडी जाते. कायद्याला तारीख हवी असते आणि या दुखण्याला तारीख नसते, म्हणून कायद्याच्या लेखी ते घडलेलंच नसतं.

तारखेचा हा फरक किती मोठा आहे ते ढाक्याजवळच्या साव्हरमध्ये दिसलं. २४ एप्रिल २०१३ रोजी राना प्लाझा ही इमारत कोसळून १,१३४ माणसं गेली. आदल्याच दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत बोलावलं गेलं. जग हादरलं. काही आठवड्यांतच मोठ्या ब्रँडांना कामगार संघटनांबरोबर कायद्यानं बांधील असा करार करावा लागला. आग, वीज आणि इमारतीची मजबुती यांची कारखान्या-कारखान्यांत तपासणी झाली. ते व्हायलाच हवं होतं, आणि त्यानं जीव वाचले. पण आज मजबूत झालेल्या त्या इमारतींत आत बसलेल्या बायकांच्या पाठीच्या मणक्याची तपासणी कुणाच्या यादीत आहे? तडे तिथेही दिसतात. कोसळण्याचा आवाज तेवढा होत नाही.

*

आवाज एकदा झाला होता, पण तो कशाचा आहे हे आपण नीट ऐकलं नाही.

१० फेब्रुवारी २०१६ रोजी केंद्र सरकारनं भविष्यनिर्वाह निधीचा नियम बदलला. नोकरी सोडल्यावर मालकाच्या वाट्याची रक्कम वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही, असा. त्याच वर्षी १८ आणि १९ एप्रिलला बेंगळुरूमध्ये कपडा कारखान्यांतल्या हजारो बायका कामं टाकून रस्त्यावर उतरल्या. त्यांच्या मागे कुणी मोठा पुढारी नव्हता. होसूर रोड, तुमकूर रोड अडले. लाठ्या चालल्या, बस जळाल्या. दुसऱ्याच दिवशी केंद्र सरकारनं नियम मागे घेतला.

वर्तमानपत्रांनी याची बातमी बचतीचा प्रश्न म्हणून दिली. ती शरीराची बातमी होती. ५८ व्या वर्षापर्यंत थांबा, असं सांगणाऱ्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर खुर्चीवर बसून ५८ व्या वर्षी निवृत्त होणारं शरीर होतं. मशीनवरची बाई चाळिशीच्या आसपास बाहेर फेकली जाते. टार्गेट गाठता येत नाही, बोलणी खावी लागतात, मग एक दिवस ती येईनाशी होते. राजीनाम्यावर कारण लिहिलं जातं 'घरगुती अडचण'. पीएफचे ते थोडे पैसे हीच तिची भरपाई, हेच तिचं निवृत्तिवेतन, आणि ते चाळिशीतच लागतं. ५८ हा आकडा ऐकून त्या बायका भडकल्या, कारण आपलं शरीर तिथवर पोचणार नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. कुठल्याही वैद्यकीय पाहणीपेक्षा मला ही साक्ष मोठी वाटते.

या चाळिशीतल्या गळतीचा मालकांना आणखी एक फायदा होतो. ज्यांचं अंग मोडलं त्या निघून जातात, आणि कारखान्यात पाहणी करायला कुणी आलं तर समोर विशी-तिशीतल्या धडधाकट मुली दिसतात. "बघा, आमच्याकडे तक्रार नाही." तक्रार आहे, पण ती आता गावी गेली आहे. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात सध्या काम करणाऱ्यांबरोबर पूर्वी शिलाई मशीनवर काम केलेल्या बायकांनाही गाठलं. मशीनवरची वर्षं जितकी जास्त, तितकं मान-खांद्याचं कायमचं दुखणं जास्त, हे त्यांना वयाचा हिशोब वेगळा काढूनही दिसलं. डेन्मार्कच्या बायका काही कुपोषित नव्हत्या आणि त्यांना कॅल्शियमही कमी पडत नव्हतं.

*

यावर दिली जाणारी उत्तरं ठरलेली आहेत.

पहिलं उत्तर, "बायका घरीही राबतात. धुणं, भांडी, पाणी भरणं. दुखणं तिथलं असेल." घरी राबतात हे खरं. पण मग तर कारखान्याची जबाबदारी वाढते, कारण आठ तासांच्या ताणानंतर या शरीराला विश्रांती मिळणार नाही हे त्यालाही ठाऊक आहे. आणि जी व्यवस्था बाईच्या घरकामाला एरवी काम मानायला तयार नसते, तिला नुकसानभरपाईच्या वेळीच ते घरकाम आठवतं.

दुसरं उत्तर योगाचं. काही कारखान्यांत सकाळी पाच मिनिटं भोंग्यावर व्यायाम घेतात, भिंतीवर 'ताठ बसा' असं पोस्टर लावतात. व्यायामाला माझा विरोध नाही. पण पाठ नसलेल्या स्टुलावर, एकाच उंचीच्या टेबलापुढे, ०.६ मिनिटाच्या टार्गेटात ताठ बसून दाखवावं त्या पोस्टर लावणाऱ्यानं. बाई नीट बसत नाही म्हणून दुखतं, असं म्हणणं म्हणजे दुखण्याचा खर्च तिच्याकडून घ्यायचा आणि वर दोषही तिलाच द्यायचा.

तिसरं उत्तर, "उपायच नाही, कामाचं स्वरूपच असं." हे सरळ खोटं आहे. अमेरिकेत लॉस एंजलिसच्या कपडा कारखान्यांत, बहुतांश स्थलांतरित कामगारांवर, एक साधा प्रयोग झाला. २००७ साली तो प्रसिद्ध झाला. काही जणांना उंची कमी-जास्त करता येणाऱ्या, बसण्याचा भाग वक्र असलेल्या खुर्च्या दिल्या. चार महिन्यांत त्यांचं मान-खांद्याचं दुखणं खुर्ची न मिळालेल्यांपेक्षा स्पष्ट कमी झालं. खुर्ची. यंत्रमानव नव्हे, नवा शोध नव्हे. कारखाना मशीनसाठी कर्ज काढतो, धागा सुरतहून, सुया परदेशातून मागवतो. खुर्चीपाशीच त्याचा हात आखडतो.

कायद्यालाही खुर्ची अर्धीच माहीत आहे. कारखाने कायद्याचं ४४ वं कलम उभ्यानं काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसायची सोय असावी असं म्हणत होतं. जी बसलेलीच आहे तिची पाठ कशाला टेकेल, यावर ते गप्प होतं. केरळमध्ये दुकानांतल्या विक्रेत्या बायकांनी लढून २०१८ साली बसण्याचा हक्क कायद्यात आणला. एकच शर्ट, तो शिवणारीला उठता येत नाही आणि विकणारीला बसता येत नव्हतं.

चौथं उत्तर सगळ्यांत वजनदार, "खर्च वाढला तर ऑर्डरी बांगलादेशात जातील." बांगलादेशात मालक म्हणतो व्हिएतनामला जातील, तिथला म्हणत असेल आणखी कुठे. ही भीती अगदी खोटी नाही; खरेदीदार ब्रँड दर वर्षी भाव पाडतात आणि मधला कारखानदार चेपला जातो. पण दुकानातल्या किमतीत शिवणाऱ्याच्या मजुरीचा वाटा साधारण एक ते तीन टक्के मानला जातो. तासाला पाच-सात मिनिटांची विश्रांती दिली तर ती मजुरी किती वाढेल आणि शर्ट किती रुपयांनी महागेल, हा हिशोब आठवीतला मुलगाही करेल. तेवढ्या रुपयांनी आपण शर्ट घ्यायचा थांबणार नाही. ते रुपये आज कुणीच देत नाही असंही नाही. ते ती बाई देते, औषधाच्या दुकानात, मलमाच्या ट्यूबसाठी.

उरतं एक उत्तर, जे मला टाळायचं नाही. "याच नोकरीनं बायकांना घराबाहेर काढलं. हातात पगार आला, नवऱ्यापुढे बोलायची ताकद आली." खरं आहे. बारामतीच्या टेक्स्टाइल पार्कपासून बेंगळुरूपर्यंत असंख्य मुलींनी शिलाईच्या पगारावर भावंडं शिकवली, लग्नं लांबवली, नको ती घरं सोडली. म्हणूनच हे लिहायचं. ज्या नोकरीनं पायावर उभं केलं, तिनंच चाळिशीत पुन्हा कुणाच्या तरी आधाराला बसवलं, तर त्या स्वातंत्र्याची मुदत किती? हातात आलेला पगार तो हात शाबूत असेपर्यंतच.

आपल्या पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला शिलाई मशीन वाटपाचे कार्यक्रम होतात. 'गरजू व होतकरू महिलांना' असा फलक, मागे मांडव, समोर रांगेनं मशीनं. स्टेजवर पाहुण्यांसाठी पाठ असलेल्या, कापड चढवलेल्या खुर्च्या असतात. मशीनबरोबर एखादी खुर्ची वाटलेली मी अजून पाहिली नाही. बाईला मशीन द्यायचं म्हणजे उद्धार झाला, ती त्यावर कशी बसेल हा विचार आपल्या दानातही नाही, धोरणातही नाही.

*

मग करायचं काय? मागण्या फार मोठ्या नाहीत.

मान, खांदा, मनगट, कंबर यांचे कामातून उद्भवणारे विकार व्यवसायजन्य रोगांच्या यादीत घाला. शिलाई, इस्त्री, धागा कापणं यांत ठरावीक वर्षं काम केलेल्या माणसाला हे विकार झाले तर ते कामामुळेच झाले असं धरा; तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर टाका. अपघाताची तारीख मागू नका, कामाच्या वर्षांची मोजणी करा. ती हजेरीपुस्तकात आहेच. पाठ असलेली, उंची बदलणारी खुर्ची मशीनचाच भाग माना. तिच्याशिवाय मशीनला परवानगी नको. दर तासाला काही मिनिटांची सुट्टी टार्गेटमध्येच धरा, म्हणजे ती घ्यायला बाईला सुपरवायझरचं तोंड बघावं लागणार नाही आणि लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी न पिण्याची वेळही येणार नाही. सॅमचा आकडा कामगारांना दाखवा आणि तो ठरवताना त्यांचा माणूस बसवा. नव्या संहितेनं वीज वापरणाऱ्या कारखान्याची व्याख्या १० वरून २० कामगारांवर नेली आहे; त्यामुळे धारावी, उल्हासनगर, सोलापूरच्या गल्लीतले छोटे कारखाने नजरेआड होतात. दुखणं माणसं मोजून येत नाही.

यातली टार्गेटची मागणी नवी वाटेल, पण ती आपल्याच मातीतली आहे. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. पगारकपात हे कारण होतंच, पण विणकराला दोनऐवजी तीन माग सांभाळायला लावण्याची योजना हेही मोठं कारण होतं. कामाचा वेग किती असावा हा मालकाचा एकट्याचा अधिकार नाही, असं त्या माणसांनी तेव्हा ठणकावून सांगितलं. त्यांच्या लेकी-नाती आज कारखान्यात शर्ट शिवतात आणि वेगाबद्दल ब्र काढला तर 'तुझ्याच्यानं होत नसेल तर घरी बस' असं ऐकतात. पगारावर बोलायला संघटना अजून आहेत, निदान नावापुरत्या. वेगावर बोलणं आपण सोडून दिलं, आणि तो सगळा वेग बायकांच्या अंगात शिरला.

तुमच्या-माझ्या अंगावरच्या शर्टाची कॉलर कुणीतरी मान वाकवून जोडली आहे. ती ताठ उभी राहावी म्हणून तिच्यात आतून कडक कापड घालतात, दाब देतात, तपासतात, वाकडी असेल तर नग परत पाठवतात. आपल्या मानेभोवती काय शोभतं याची इतकी काळजी घेणाऱ्या उद्योगाकडे, ती कॉलर जोडणारीच्या मानेसाठी एक रकाना असायला हवा. तो मागण्यासाठी तिनं मान वर केली, तर निदान आपण तरी तिला उर्मट म्हणू नये.